मनोविकृतीच्या उंबरठ्यावर कॅनाबिडिऑल : प्रतिबंधक चाचण्यांची चिकित्सा

प्रस्तावना

भांगेचे झाड एकच. परंतु त्यातून मिळणारी द्रव्ये अनेक आहेत. त्यांपैकी टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी, हे द्रव्य नशा आणते. कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, हे दुसरे द्रव्य नशा आणत नाही. गांजाचे, त्यातही टीएचसीचे प्रमाण अधिक असलेल्या गांजाचे नित्य सेवन आणि मनोविकृती यांचा संबंध अनेक अभ्यासांनी दाखवून दिला आहे. त्याच झाडातील दुसऱ्या द्रव्याने मनोविकृती रोखता येईल काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मानसोपचार संशोधनाच्या अग्रभागी आला. ज्या तरुणांना अद्याप आजार झालेला नाही, परंतु होण्याची शक्यता सर्वसामान्यांपेक्षा अधिक आहे, अशांना सीबीडी देऊन पाहण्याच्या चाचण्या ब्रिटन, युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे आखण्यात आल्या.

या चाचण्यांमागील आशेला आधार किती, त्यांची रचना आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास पुरेशी आहे काय, आणि आजारी नसलेल्या तरुणाला औषध देण्याचे नैतिक समर्थन कोणत्या पायावर उभे आहे, या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात उपलब्ध संशोधनाची चिकित्सा केली आहे. येथे 'मनोविकृती' हा शब्द सायकोसिस या अर्थी, म्हणजे भ्रम, भास आणि विचारांतील विस्कळीतपणा यांमुळे वास्तवाशी नाते तुटण्याच्या अवस्थेसाठी वापरला आहे. स्किझोफ्रेनिया हा या अवस्थेचा सर्वपरिचित, पण एकमेव नव्हे, असा आजार होय.

'उच्च-जोखीम' या संकल्पनेचे स्वरूप

मनोविकृती बहुधा एका रात्रीत प्रकट होत नाही. तिच्या आधी काही महिने किंवा वर्षे संशय, एकलकोंडेपणा, अभ्यासातील घसरण, क्वचित ऐकू येणारे अस्पष्ट आवाज अशी सौम्य लक्षणे आढळतात. मात्र हे आजवर मागे वळून पाहतानाच कळत असे. १९९० च्या दशकाच्या मध्यास मेलबर्न येथे अ‍ॅलिसन युंग आणि पॅट्रिक मॅकगोरी यांनी ही अवस्था पुढे पाहून ओळखता यावी यासाठी निकष मांडले. सौम्य स्वरूपातील लक्षणे, एक आठवड्याहून कमी टिकून आपोआप ओसरलेली मनोविकृती, किंवा कुटुंबातील आजाराचा इतिहास आणि त्यासोबत दैनंदिन कार्यक्षमतेत झालेली घट, या तिन्हींपैकी एक बाब असलेली तरुण व्यक्ती 'उच्च-जोखीम' गटात मोडते.

हे निकष उपयुक्त आहेत, पण ते भाकीत नव्हे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार या गटातील सुमारे २२ टक्के व्यक्तींना एका वर्षात आणि ३६ टक्के व्यक्तींना तीन वर्षांत मनोविकृती झाली. २०२१ मधील अधिक व्यापक विश्लेषणात हीच प्रमाणे अनुक्रमे १५ आणि २५ टक्के इतकी खाली आली. म्हणजे उच्च-जोखीम ठरलेल्या चार तरुणांपैकी सुमारे तिघे तीन वर्षांनंतरही त्या उंबरठ्याच्या अलीकडेच असतात. ते सारे सुखात असतात असे नाही. नैराश्य, चिंता आणि एकाकीपणा त्यांच्यापैकी अनेकांना ग्रासतो. तथापि ज्या आजाराच्या नावाने त्यांना ओळखले गेले तो आजार त्यांना होत नाही. २०१३ मध्ये अमेरिकी निदानसंहितेच्या पाचव्या आवृत्तीत 'सौम्य मनोविकृती लक्षणसमूह' हे निदान मुख्य भागात न घेता 'अधिक अभ्यासाची आवश्यकता असलेल्या' अवस्थांत ठेवले गेले, त्यामागे हीच अडचण होती.

प्रतिबंधक औषधाच्या कोणत्याही चर्चेत हे गणित डोळ्यांआड होता कामा नये. समजा, एखाद्या औषधाने धोका निम्म्यावर आणला. शंभर तरुणांना ते दिल्यास बारा-तेरा जण वाचतील, बारा-तेरा जणांना औषध घेऊनही आजार होईल, आणि उरलेले पंचाहत्तर जण ज्यासाठी औषध घेतील तो आजार त्यांना मुळातच होणार नव्हता. बारा-तेरा तरुणांचे आयुष्य ही लहान गोष्ट नाही. पण तिची किंमत पंचाहत्तर जण देतात. ती किंमत किती, यावर सारे समर्थन अवलंबून राहते.

सीबीडीकडे लक्ष कसे गेले?

सीबीडी १९४० मध्ये अमेरिकेत रॉजर अ‍ॅडम्स यांनी वेगळे केले. त्याची रेणूरचना १९६३ मध्ये राफेल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्याने इस्रायलमध्ये निश्चित केली आणि पुढील वर्षी टीएचसीची ओळख पटली. १९८२ मध्ये ब्राझीलमधील अँटोनियो झुआर्डी यांनी सीबीडीमुळे टीएचसीचे मानसिक परिणाम सौम्य होत असल्याचे निरोगी स्वयंसेवकांत दाखविले. १९९५ मध्ये त्यांनीच स्किझोफ्रेनियाच्या एका रुग्णाला सीबीडी दिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

प्रचलित मनोविकृतीविरोधी औषधे प्रामुख्याने डोपामिनचे ग्राहक अडवतात. सीबीडी त्या मार्गाने जात नाही. मेंदूत स्वाभाविकपणे असणाऱ्या आनंदामाइड या द्रव्याचे विघटन त्याने मंदावते, असे मानले जाते. 'आनंद' या संस्कृत शब्दावरून हे नाव १९९२ मध्ये मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत ठेवले गेले. वजन वाढणे, हालचाली मंदावणे, थरथर येणे हे प्रचलित औषधांचे त्रास सीबीडीत अपेक्षित नाहीत. प्रतिबंधासाठी त्याचा विचार होण्याचे मूळ येथे आहे.

याची पार्श्वभूमी समजण्यासाठी २००६ मधील एका चाचणीची आठवण आवश्यक आहे. थॉमस मॅकग्लॅशन आणि सहकाऱ्यांनी साठ उच्च-जोखीम व्यक्तींपैकी काहींना ओलान्झापिन आणि काहींना प्लॅसिबो, म्हणजे औषधी द्रव्य नसलेली तशीच दिसणारी गोळी, दिली. आजार झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे १६ आणि ३८ टक्के होते. पण एवढ्या लहान गटात हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नाही. मात्र ओलान्झापिन घेणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी जवळपास नऊ किलोंनी वाढले. ज्याला आजार होणार की नाही हेच निश्चित नाही, त्याच्यावर हा भार टाकणे समर्थनीय नव्हते. प्रतिबंधासाठी सौम्य औषध हवे, ही मागणी त्यानंतर अधिक ठळक झाली.

उपलब्ध पुराव्याची तपासणी

सीबीडीच्या बाजूने सर्वाधिक उद्धृत केला जाणारा अभ्यास २०१२ मध्ये जर्मनीतील लेवेके आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. तीव्र स्किझोफ्रेनियाच्या ४२ रुग्णांना चार आठवडे सीबीडी किंवा अ‍ॅमिसल्प्राइड देण्यात आले. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच दिसली आणि दुष्परिणाम सीबीडी गटात कमी होते. निष्कर्ष आकर्षक आहे. पण तेथे प्लॅसिबो गट नव्हता. दोन गटांत फरक न आढळणे आणि दोन औषधे समतुल्य असणे या भिन्न गोष्टी आहेत. ४२ रुग्णांत पहिली सहज घडते. दुसरी सिद्ध करण्यास कितीतरी मोठा गट लागतो.

२०१८ मध्ये फिलिप मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी ८८ रुग्णांना त्यांच्या नेहमीच्या औषधाबरोबर सहा आठवडे रोज १००० मिलिग्रॅम सीबीडी किंवा प्लॅसिबो दिले. भ्रम-भासांच्या लक्षणांत सीबीडी गट सरस ठरला. फरक सरासरी १.४ गुणांचा होता आणि ही मोजपट्टी ७ ते ४९ गुणांची आहे. संख्याशास्त्रीय दृष्ट्या तो फरक ग्राह्य आहे. रुग्णाच्या घरच्यांना तो दिवसाच्या व्यवहारात जाणवेल काय, हा निराळा प्रश्न आहे. याच वर्षी बॉग्ज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ३६ स्थिर रुग्णांवर ६०० मिलिग्रॅम मात्रेचा प्रयोग प्रसिद्ध केला; तेथे प्लॅसिबोहून अधिक लाभ आढळला नाही. मात्रा वेगळी आणि रुग्ण वेगळे असल्याने एका अभ्यासाने दुसरा खोडला जात नाही. पण सकारात्मक अभ्यासाचा उल्लेख सर्वत्र आणि नकारात्मक अभ्यासाचा तळटीपेत, ही प्रथा निश्चितच आक्षेपार्ह आहे.

हे सारे अभ्यास आजारी व्यक्तींवरील आहेत. उच्च-जोखीम व्यक्तींवरील महत्त्वाचा अभ्यास सागनिक भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी लंडन येथे केला व तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ३३ उच्च-जोखीम तरुणांना ६०० मिलिग्रॅम सीबीडीची एकच मात्रा किंवा प्लॅसिबो देऊन शब्द लक्षात ठेवण्याच्या कामात त्यांच्या मेंदूचे कार्य मोजण्यात आले. मनोविकृतीशी निगडित मानल्या जाणाऱ्या काही भागांतील कार्य सीबीडी गटात निरोगी व्यक्तींच्या दिशेने सरकलेले आढळले. हे काम काटेकोर आहे. पण त्यातून काय सिद्ध होते याची मर्यादाही तितकीच काटेकोरपणे सांगितली पाहिजे. एका मात्रेनंतरच्या काही तासांतील मेंदूची प्रतिमा ही दोन-तीन वर्षांनंतरच्या आजाराची हमी नव्हे. वृत्तपत्रीय मथळ्यांत मात्र 'मेंदू पूर्ववत होतो' आणि 'आजार टळतो' यांतील अंतर सहज पुसले जाते.

आणखी एक बाब येथे नोंदविणे आवश्यक आहे. झुआर्डी यांच्या मूळ प्रयोगापासून 'सीबीडी टीएचसीला आवर घालते' हे सूत्र रूढ झाले. २०२३ मध्ये एंग्लंड आणि सहकाऱ्यांनी ४६ निरोगी स्वयंसेवकांना बाष्परूपाने १० मिलिग्रॅम टीएचसी, आणि त्यासोबत शून्य ते ३० मिलिग्रॅम सीबीडी दिले. सीबीडीच्या कोणत्याही प्रमाणात संरक्षण दिसले नाही. या मात्रा औषधी मात्रांपेक्षा फार कमी होत्या, हे खरे. तरीही सीबीडीमिश्रित गांजा सुरक्षित असतो, या समजाला या प्रयोगाने छेद दिला, एवढे म्हणता येते.

मत्स्यतेलाचा धडा

या क्षेत्रात आशेची अशी लाट पूर्वीही येऊन गेली आहे. २०१० मध्ये व्हिएन्ना येथील अमिंगर आणि सहकाऱ्यांनी ८१ उच्च-जोखीम तरुणांना बारा आठवडे ओमेगा-३ मेदाम्ले किंवा प्लॅसिबो दिले. वर्षअखेरीस आजाराचे प्रमाण अनुक्रमे ४.९ आणि २७.५ टक्के आढळले. मत्स्यतेलासारखी निरुपद्रवी वस्तू मनोविकृती टाळते, या निष्कर्षाचे जगभर स्वागत झाले. २०१७ मध्ये 'न्यूराप्रो' या ३०४ व्यक्तींवरील बहुकेंद्री चाचणीचे निष्कर्ष आले. दोन्ही गटांत वर्षभरात आजाराचे प्रमाण सुमारे ११ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. मूळ अभ्यास करणाऱ्यांपैकीच काही जण या दुसऱ्या चाचणीतही होते आणि त्यांनी नकारात्मक निष्कर्ष लपविला नाही, ही गोष्ट त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते.

या घटनेतून दोन बोध निघतात. पहिला, लहान गटातील मोठा परिणाम हा बहुधा मोठ्या गटात टिकत नाही. दुसरा बोध अधिक सूक्ष्म आहे. न्यूराप्रोमध्ये सर्वच व्यक्तींना मानसशास्त्रीय उपचार आणि नियमित पाठपुरावा मिळत होता. आस्थेने चौकशी करणारे कोणी असणे, झोप, अभ्यास व नातेसंबंध यांकडे लक्ष दिले जाणे, यानेच धोका घटला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. २०१८ मध्ये विविध उपचारांची तुलना करणाऱ्या एका जाल-विश्लेषणातही कोणताही एक उपचार इतरांहून निश्चितपणे सरस ठरला नाही. सीबीडीला तुलना करावयाची आहे ती उपेक्षेशी नव्हे, तर चांगल्या देखभालीशी.

चालू चाचण्यांची रचना

ऑक्सफर्ड विद्यापीठातील मॅकग्वायर यांच्या नेतृत्वाखालील 'स्टेप' हा उपक्रम वेलकम संस्थेच्या १ कोटी ६५ लाख पौंडांच्या अर्थसाहाय्यावर उभा आहे. मुख्यतः युरोप व उत्तर अमेरिकेतील केंद्रांत मिळून सुमारे १००० व्यक्ती त्यात अपेक्षित आहेत. उच्च-जोखीम व्यक्ती, प्रथमच मनोविकृती झालेले रुग्ण, आणि प्रचलित औषधांना प्रतिसाद न देणारे रुग्ण अशा तीन गटांत तीन चाचण्या आखल्या आहेत. मेलबर्न येथेही १२ ते २५ वयोगटातील ४०५ उच्च-जोखीम व्यक्तींसाठी ६०० मिलिग्रॅम, १००० मिलिग्रॅम आणि प्लॅसिबो अशा तीन शाखांची चाचणी आखण्यात आली.

या रचनांच्या संदर्भात तीन मुद्दे महत्त्वाचे वाटतात. पहिला संख्येचा. वार्षिक धोका २२ टक्के असेल आणि औषधाने तो निम्मा होणार असेल, तर हा फरक रूढ संख्याशास्त्रीय निकषांनी पकडण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे १७५ व्यक्ती पुरतात. धोका मुळातच ११ टक्के असेल, तर सुमारे ३९० व्यक्ती लागतात. म्हणजे जोखीम-गटाचा प्रत्यक्ष धोका घटत गेला की चाचणीचा आकार दुपटीहून अधिक वाढवावा लागतो. अन्यथा चाचणी 'लाभ नाही' असे सांगेल, तेव्हा औषध निष्फळ होते की चाचणी लहान होती, हे कळणार नाही.

दुसरा मुद्दा यशाच्या व्याख्येचा. आजार 'झाला' अथवा 'नाही झाला' ही रेषा मोजपट्टीवरील गुणांनी आखली जाते. रेषेच्या अलीकडे राहिलेला पण महाविद्यालय सोडून घरात बसलेला तरुण हा यश मानावा काय? शिक्षण, नोकरी, मैत्री यांत व्यक्ती कितपत टिकून आहे, हे मापन केवळ दुय्यम नोंद म्हणून राहू नये.

तिसरा मुद्दा निवडीचा. स्टेप उपक्रमात रक्त आणि मेंदूच्या प्रतिमा यांच्या साहाय्याने कोणाला लाभ होईल हे आधी ओळखण्याचा प्रयत्न आहे. या उपक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग हाच म्हणावा लागेल. पंचाहत्तर जणांना अनावश्यक औषध देण्याचा प्रश्न अधिक सौम्य औषधाने सुटत नाही. तो अधिक अचूक निवडीने सुटतो.

निरुपद्रवीपणाच्या गृहीतकाची तपासणी

सीबीडीच्या बाजूने केला जाणारा प्रमुख युक्तिवाद त्याच्या सौम्यतेचा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत सीबीडीचे शुद्ध द्रावण अपस्माराच्या दोन दुर्मीळ बालरोगांसाठी मान्य झाले. त्या अनुभवातून पेंग, अतिसार, भूक मंदावणे आणि यकृताच्या विकरांत वाढ हे दुष्परिणाम ज्ञात आहेत. यकृतावरील परिणाम व्हॅल्प्रोएटसोबत अधिक आढळतो. निरोगी व्यक्तींचे काय? २०२५ मध्ये अमेरिकेतील एका चाचणीत निरोगी प्रौढांना २८ दिवस शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम सीबीडी देण्यात आले. त्यांच्यापैकी पाच-सहा टक्क्यांत यकृताचे विकर मर्यादेच्या तिपटीहून वर गेले. साठ किलोच्या व्यक्तीस ही मात्रा रोज ३०० मिलिग्रॅम होते. प्रतिबंधक चाचण्यांतील मात्रा त्याच्या दुप्पट ते तिप्पट आहेत. औषध थांबविल्यावर हे विकर बहुधा पूर्ववत होतात आणि ओलान्झापिनच्या तुलनेत हा भार कमीच आहे. पण 'कमी' आणि 'शून्य' यांत अंतर आहे, आणि ते अंतर वाढत्या वयाच्या मुलांच्या पालकांना स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

दुसरी हानी रक्तचाचणीत दिसत नाही. 'तुला पुढे वेड लागू शकते' असे सोळा वर्षांच्या मुलाला सांगितले जाते, तेव्हा ते वाक्य त्याच्यासोबत राहते. रोजचे औषध त्या वाक्याची रोज आठवण देते. दुष्परिणामांच्या तक्त्यात या नामकरणाच्या परिणामासाठीही रकाना असावयास हवा.

तिसरी बाब बाजाराची. २०१७ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली. वेष्टनावरील प्रमाण केवळ ३१ टक्के उत्पादनांत बरोबर निघाले आणि १८ उत्पादनांत टीएचसी आढळले. ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठी खाद्यरूप सीबीडीची दैनिक मर्यादा ७० वरून १० मिलिग्रॅमवर आणली. चाचणीतील १००० मिलिग्रॅम शुद्ध औषध आणि दुकानातील बाटली यांचे नावापलीकडे फारसे नाते नाही. चाचण्यांच्या वृत्तावरून एखाद्या चिंताग्रस्त पालकाने अशी बाटली मुलाला दिली आणि तीत टीएचसी निघाले, तर रोखावयाचा धोकाच घरात आणला जाईल.

भारतीय संदर्भ

भांगेची मनोविकृतीशी सांगड घालण्याचा प्रश्न भारतात फार जुना आहे. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासल्या. रुग्णाच्या आजाराचे कारण माहीत नसले की पोलीस वा दंडाधिकाऱ्यांच्या कागदांवरून 'गांजा' असे कारण लिहिले जाई, हे आयोगाला आढळले. नोंदींची छाननी केल्यावर गांजामुळे वेड लागल्याची प्रकरणे निम्म्याहून कमी उरली. पुढील शतकात स्वीडन, न्यूझीलंड आणि युरोपातील अभ्यासांनी नित्य व तीव्र सेवनाचा धोका अधिक भक्कम पुराव्याने दाखविला, त्यामुळे आयोगाचा एकंदर निर्वाळा आज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. परंतु त्याची पद्धती आजही अनुकरणीय आहे. रकान्यात लिहिलेले कारण आणि सिद्ध झालेले कारण यांत त्याने फरक केला. सीबीडीच्या बाबतीत हाच फरक उलट दिशेने करावयाचा आहे : तेव्हा वनस्पतीवर दोष सहज लिहिला गेला, आता गुण सहज लिहिला जाण्याची भीती आहे.

निष्कर्ष

१. उच्च-जोखीम तरुणांत सीबीडीमुळे मनोविकृती टळते, असे उपलब्ध पुराव्यावरून म्हणता येत नाही. ते तपासण्याइतका आधार आहे, एवढेच म्हणता येते.

२. म्हणूनच या चाचण्या योग्य आहेत. त्यांचे समर्थन औषधाच्या आशादायकतेत नसून प्रश्न अनिर्णित असण्यात आहे.

३. ओमेगा-३ च्या अनुभवावरून संख्या पुरेशी असणे, तुलना चांगल्या देखभालीशी होणे आणि नकारात्मक निष्कर्ष तितक्याच ठळकपणे प्रसिद्ध होणे, या तीन अटी अपरिहार्य ठरतात.

४. औषध सौम्य असल्याने निवडीची जबाबदारी सौम्य होत नाही. आजार होणार नसलेल्या तिघांचा विचार केल्याशिवाय होणाऱ्या एकाच्या प्रतिबंधाचे समर्थन पूर्ण होत नाही.

५. चाचण्यांचे उत्तर येईपर्यंत उच्च-जोखीम तरुणासाठी गांजापासून दूर राहणे, मानसशास्त्रीय साहाय्य, नियमित पाठपुरावा आणि त्याचे शिक्षण खंडित न होणे, हेच हाती असलेले उपाय आहेत. ते कमी दर्जाचे समजण्याचे कारण नाही. वर्गात मागच्या बाकावर सरकत गेलेला आणि पुढे येणेच सोडलेला विद्यार्थी डॉक्टरच्या आधी प्राध्यापकाच्या नजरेस पडतो, आणि त्यासाठी कोणत्याही चाचणीच्या निष्कर्षाची वाट पाहावी लागत नाही.